बिनतिकिटाचा भार

"काल गुडघ्यावर भार अपुरा पडला. आज खुर्चीवरची ऊठ-बस वाढवली आहे," मोजा म्हणाला.

मोज्याचा आवाज गोड होता, कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या बाईसारखा. वैजयंताबाईंनी डाव्या गुडघ्यावर चढवलेल्या त्या राखाडी पट्ट्याकडे असं पाहिलं, की माणूस असता तर त्याला घाम फुटला असता.

"आला चेकर," त्या म्हणाल्या. "अजून चहा नाही घशाखाली, तोवर गाडीत चढला."

"आई, तो म्हणतोय ते करा ना." तेजल ओट्यापाशी उभी होती. खांद्यावर ठमी, ठमीच्या तोंडाखाली फडकं, आणि ढेकर काही येत नव्हता. "रोज तो अपुरा म्हणतो आणि रोज तुम्ही केलं म्हणता. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय."

वैजयंताबाईंनी कप खाली ठेवला.

"अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी. डेपोत जाऊन विचार. एक मेमो नाही माझ्या नावावर. आणि आता या मोज्यापुढे मी खोटी?"

"तसं नाही म्हणायचं मला."

"तसंच म्हणालीस."

तसंच म्हणाली होती. तेजलला ते कळत होतं, आणि कळूनही माफी मागायला जीव उरला नव्हता. ठमीनं नेमका तेव्हाच ढेकर दिला, अर्ध्या दुधासकट.

वैजयंताबाई एसटीच्या शेवटच्या कंडक्टरांपैकी एक. आता सांगलीच्या गाड्यांत कंडक्टर नसतो, दार माणसाचा चेहरा ओळखतं आणि भाडं आपोआप वळतं होतं. पण दार चेहरे ओळखू लागलं तोवर वैजयंताबाईंचा डावा गुडघा झिजून गेला होता. भरल्या गाडीत तोल सांभाळायला त्या हाच गुडघा सीटच्या दांड्याला लावून उभ्या राहायच्या आणि दोन्ही हात तिकिटांना मोकळे ठेवायच्या. निवृत्तीनंतर जिना उतरताना त्यांच्या गुडघ्यातून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज यायला लागला.

डॉक्टर रुबीना मुल्लांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली वाट धातूच्या सांध्याची. तो टिकाऊ खरा, पण मग जमिनीवर बसणं विसरायचं. दुसरी वाट नवी होती. नाकाच्या पडद्यातून कूर्चेचा तांदळाएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि जेलमध्ये कालवून सुईनं गुडघ्यात पेरायच्या.

"नाकातलं गुडघ्यात?" वैजयंताबाईंनी विचारलं होतं. "मग मला पडसं झालं की गुडघा शिंकणार का हो मॅडम?"

मुल्ला मॅडम हसल्या, पण पुढचं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी. तिच्यात रक्तवाहिनी नसते. मग तिला भरवतं कोण? आपली हालचाल. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत शिरतं, तसंच. चाललात, उठलात-बसलात की गादी दाबली जाते आणि सुटते, आणि सांध्यातला रस तिच्यात खेळतो. म्हणून दुखतंय म्हणून बसून राहिलेला गुडघा उपाशी मरतो."

"आणि पेरलेल्या पेशी?" हे तेजलनं विचारलं होतं. तेव्हा ती पोटुशी होती आणि खुर्चीत मावत नव्हती.

"त्यांना डोळे नसतात. आपण कोण व्हायचं हे त्यांना दाबावरून समजतं. रोज मापात दाब आला तर त्या कूर्चा होतात. आला नाही तर नुसता व्रणासारखा चिवट पापुद्रा धरतात. आणि अतोनात आला तर मुळं धरायच्या आतच निसटतात."

"म्हणजे पोरांसारखंच की," वैजयंताबाई म्हणाल्या. "लक्ष नाही दिलं तरी बिघडतात, फार रगडलं तरी बिघडतात."

"अगदी तसंच. आणि ही पोरं एकदाच होतात. या वयात नाकातल्या पेशी दुसऱ्यांदा तेवढ्या जोमानं वाढत नाहीत. तीन महिने जपायचं, बस."

ते माप मोजायला मोजा होता. त्याच्या विणीत दाब ओळखणारे बारीक धागे होते, गुडघ्याचा आवाज ऐकणारे होते. दिवसभरात पेशी किती दाबल्या गेल्या याचा हिशेब करून तो दुसऱ्या दिवशीचा व्यायाम ठरवायचा. पाणी आणि तेल मात्र त्याला चालत नव्हतं. सोबत मराठीत छापलेल्या सूचना होत्या: मांडी घालू नका. उकिडवे बसू नका. बादली, सिलिंडर उचलू नका.

वैजयंताबाईंनी दुसरी वाट का धरली, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. शेजारच्या माळीबाईंचे दोन्ही गुडघे धातूचे. त्या तुरुतुरु चालतात, पण नातवाच्या आंघोळीच्या वेळी दारात स्टूल टाकून बघत बसतात. "मला तसं बघत बसायचं नाही," वैजयंताबाई म्हणाल्या होत्या. "रणजितला मीच पायांवर घेतलं. त्याच्या पोराला पण मीच घेणार."

फक्त इस्पितळातला नंबर लागायला उशीर झाला. पेरणी झाली तेव्हा ठमी महिन्याची होती. मालिशवाली बाई सव्वा महिना भरताच गेली, आणि ते काम वैजयंताबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

सकाळचा तो वेळ तेजलचा होता. अख्ख्या दिवसात तेवढाच.

ती कृष्णेच्या पाणीपातळीचा अंदाज बांधणाऱ्या गटात काम करायची. नदीवर जागोजाग मापकं, त्यांचे आकडे येणार, त्यांतून पूर किती तास आधी सांगता येईल ते मॉडेल काढणार. बाळंतपणाची तोकडी रजा संपली तशी तिनं घरून अर्धा वेळ काम मागून घेतलं होतं आणि सकाळच्या बैठकीत नुसतं "हो, बघते" म्हणण्यापलीकडे काहीतरी बोलून दाखवायची धडपड चालली होती. खोलीचं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून ती बसायची. तरी फटीतून तेलाचा आणि हळदीचा वास यायचा, आणि मधूनच सासूचा खणखणीत आवाज, सांगली-कोल्हापूर गाडीतले स्टॉप पुकारणारा.

"चला, पाऊल आलं अंकली! गुडघा जयसिंगपूर! जयसिंगपूरवाले उतरून घ्या! पोट हातकणंगले... हातकणंगल्याला गर्दी फार, दूध जास्त प्यालीस काय गं? टाळू कोल्हापूर! शेवटचा स्टॉप!"

ठमी आनंदानं किंचाळायची. तेजल आकड्यांकडे बघत हसायची, आणि पुढच्याच क्षणी दुपारच्या चिंतेनं तिचं हसू विरायचं. कारण दुपारी व्यायामाचा तमाशा असायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला पाठ लावून घसरत खाली जायचं, वर यायचं. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरायचा. वैजयंताबाई करायच्या, पण दात-ओठ खात, निम्म्यातच थांबत. मोजा म्हणायचा, भार अपुरा. दुसऱ्या दिवशी वाढवायचा. वाढवलं की त्या आणखी आधी थांबायच्या.

"दुखतंय गं."

"सुरुवातीला दुखणारच, मॅडमनी सांगितलंय. नियमित केलं की कमी होईल."

"नियमितच करते."

"मग सकाळी मोजा का काढून ठेवता? त्यात दिसतं मला. रोज सकाळी तासभर शून्य."

"त्याला तेल चालत नाही म्हणून. तूच सांगितलंस."

"तासभर?"

रणजित कच्छच्या रणात पवनचक्क्यांवर होता. फोनच्या पडद्यावर त्याच्या मागे वाळू आणि पांढरी पाती फिरत होती. "तेजू, तू जरा शांतपणे समजाव ना तिला. ती ऐकते शांतपणे सांगितलं की."

"तू ये आणि शांतपणे सांग," तेजल म्हणाली. "मी शांत असते तेव्हा झोपलेली असते."

"मग मी मॅडमशी बोलू का?"

"बोल. वाऱ्याशी बोलतोस, तसं त्यांच्याशीही बोल."

तो हसला. तिला हसायचं नव्हतं. ठमीनं तिच्या केसांना लटकून घेतलं होतं, कुकर ओरडत होता, आणि पलीकडच्या खोलीत मोजा गोड आवाजात सांगत होता, "तुम्ही थांबलात. पुन्हा प्रयत्न करूया." त्यावर वैजयंताबाईंनी मोज्याला जे उत्तर दिलं ते डेपोतलं होतं.

एके दिवशी सकाळची बैठक रद्द झाली. तेजलनं हेडफोन काढले आणि सहज, पाणी प्यायला म्हणून दार उघडलं.

न्हाणीघराचं दार उघडंच होतं. वैजयंताबाई पाटावर बसलेल्या, दोन्ही पाय पुढे पसरलेले, साडी गुडघ्यांच्या वर खोचलेली. नडग्यांच्या खोबणीत ठमी पालथी, तेलानं चकचकीत. हातातल्या तांब्यातून पाण्याची धार तिच्या पाठीवरून सरळ वाहत होती आणि बोटं मणक्याच्या कडेनं वर चढत होती, हातकणंगल्याहून कोल्हापूरकडे. डावा गुडघा उघडा, तेलकट. मोजा बाहेर खुंटीला लटकत होता.

किती छान दिसतंय, तेजलच्या मनात आलं. फोटो काढावा.

मग वैजयंताबाईंनी ठमीला पंचात गुंडाळलं आणि त्या उठायला लागल्या.

आधी त्या उजवीकडे कलल्या. उजवा पाय दुमडता येईना, ओल्या फरशीवर टाच सरकत होती. मग ठमीला छातीशी घट्ट धरून त्यांनी डावा गुडघा फरशीवर टेकला, पेरलेला गुडघा, आणि सगळं अंग त्याच्यावर तोललं. एक हात नळावर. तोंडातून आवाज नाही, फक्त खालचा ओठ दातांत. क्षणभर त्या तशाच थांबल्या, अर्ध्या वर, अर्ध्या खाली. मग नळाला हिसका देऊन उभ्या राहिल्या आणि ठमीला म्हणाल्या, "डबल बेल! निघाली गाडी."

वळल्या तर दारात सून.

"आई," तेजल म्हणाली, "रोज असं उठता?"

"मग काय उडून उठू?"

"रोज?"

"अगं, मांडी घातली नाही. उकिडवी बसले नाही. कागदात लिहिलंय ते सगळं पाळते मी. पाय पसरून तर बसते. आणि ही काय सिलिंडर आहे का?"

तेजल दाराला टेकली. मोज्यात दिसणारं ते सकाळचं शून्य तिच्या डोळ्यांसमोर आलं. कामावर तिला हे कुणी सांगावं लागत नव्हतं. नदीवरचं मापक बंद पडलं आणि आकडा आला नाही, तर त्या तासाला नदी कोरडी होती असं ती कधी धरत नसे. उलट मापकं बंद पडतात ती पूर आल्यावरच. गटातल्या नवीन पोरांना तिनंच हे शिकवलं होतं. आणि घरात, खुंटीला लटकणाऱ्या मोज्यानं रोज सकाळी "विश्रांती" असं धरलं, ते तिनं डोळे मिटून मानलं होतं. सकाळी गुडघा पिळून निघत होता, दुपारी थकत होता, आणि मोजा आणि ती, दोघं मिळून त्याला आळशी ठरवत होते.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, सकाळी एवढा जोर पडतो म्हणून?"

"काय सांगायचं त्यात?" वैजयंताबाईंना खरंच कळेना. त्या ठमीचे पाय पुसत होत्या, बोटांच्या बेचक्यांतून. "तो विचारतो व्यायाम किती केला. नातीला आंघोळ घातली, हा काय व्यायाम झाला? पाच वर्षांच्या आतल्या पोराचं तिकीट फाडत नाहीत, तेजल. मशीनमध्ये येतच नाही ते."

"पण गाडीत तर असतं ना ते, आई. वजन तर असतं."

पंचात ठमी शिंकली.

इस्पितळात मुल्ला मॅडमनी गुडघ्याचं चित्र पडद्यावर आणलं. बाहेरच्या बाजूची पेरणी रुजत होती. आतल्या कडेला, जिथे रोज सकाळी सगळा भार पडला होता, तिथे ठिगळाचा काठ उचकटला होता.

"तेवढं गेलं," त्या म्हणाल्या. "उरलेलं वाचवता येईल. पण उरलेले दिवस जमिनीवरून उठणं नाही. बाळाला घेऊन तर मुळीच नाही. आणि दुपारचा व्यायाम निम्म्यावर आणते. मोज्याच्या नादानं फार वाढला तो."

"आमच्या सूचनांत जमिनीवरून उठू नका असं कुठेच नव्हतं," तेजल म्हणाली. स्वतःचा आवाज तिला भांडखोर वाटला, पण तिनं तो आवरला नाही. "मोजा काढला की तो शून्य धरतो. शून्य आणि माहीत नाही यांत फरक असतो मॅडम. हे बनवणाऱ्यांनी कधी घरात बाळाला आंघोळ घालताना बघितलंय का कुणाला?"

"नसेल बघितलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मीही विचारलं नाही. कळवते मी त्यांना."

कळवते. तेजलला टेबलावर हात आपटावासा वाटला.

रिक्षात वैजयंताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "मी आंघोळ सोडणार नाही."

"आई!"

"ज्याच्यासाठी गुडघा केला तेच करू नको म्हणतेस? तीन महिने भरले की गुडघा बरा होईल. तोवर ही बसायला लागेल, मग रांगेल. मग काय कॉलेजात गेल्यावर पायांवर घेऊ? गुडघा थांबेल गं. ती थांबणार आहे का?"

तेजलला एवढंच दिसत होतं की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच पायावर उभ्या आहेत. तिला रणजितचा राग आला, मोज्याचा आला, आपल्या लावलेल्या दाराचा आला. आणि सगळ्यात जास्त राग याचा आला, की आता काय करावं लागणार ते तिला ठाऊक होतं आणि त्यात तिची सकाळ जाणार होती.

"मी घालते आंघोळ," ती म्हणाली. "तुम्ही शिकवा."

"तुझी मीटिंग?"

"सांगते त्यांना."

तिनं सांगितलं. गटप्रमुख समजूतदारपणे "अर्थात, अर्थात" म्हणाले, आणि आठवडा संपायच्या आत मॉडेलचं नवं काम कऱ्हाडच्या एका मुलाकडे गेलं. तेजलनं तो निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन पाटावर बसली.

वैजयंताबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. माळीबाईंसारख्याच. गुडघ्यावर मोजा होता आणि त्या पाय सरळ ताणून धरण्याचा व्यायाम करत होत्या.

"पाय जवळ घे. अजून. मधून पडेल ती, खोबण कर नीट. पाणी बघितलंस का?"

"बघितलं."

"बोटानं नाही, कोपरानं बघ. बोटं तुझी कीबोर्डवर बधिर झालीत."

ठमीनं अनोळखी नडग्यांवर पडताच भोकाड पसरलं. तेजलच्या हातून ती बोंबलासारखी निसटत होती. तेल डोळ्यांत, पाणी कानांत, आई रडकुंडीला, लेक रडत.

"गाडी बोलत नाही तुझी," वैजयंताबाई म्हणाल्या. "नुसतीच चालवतेस. स्टॉप पुकार."

"मला नाही येत."

"अंकली!" खुर्चीवरून खणखणीत आवाज आला. ठमी दचकली. रडं अर्ध्यात थांबलं. "हं, आता पाऊल धर. जयसिंगपूर! चोळ गुडघा. सावकाश, तिथे गतिरोधक आहे."

तेजलला हसू फुटलं आणि त्यातच डोळ्यांत पाणीही आलं, पण न्हाणीघरात सगळंच ओलं होतं.

आंघोळ आटोपली. तेजलनं ठमीला पंचात घेतलं, उठायला गेली, आणि उठताच येईना. मांड्या थरथरल्या. ती परत पाटावर बसली. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा तिच्या गुडघ्यातून खाडकन आवाज आला, इतका मोठा की ठमीनं मान वळवून बघितलं.

वैजयंताबाई हसत सुटल्या. पेरणी झाल्यापासून पहिल्यांदाच अशा हसत होत्या, पदर तोंडाला लावून. "तिशीची बाई! आणि आवाज माझ्या गुडघ्यापेक्षा मोठा!"

"हसू नका. हात द्या."

"हात नाही. मला भार उचलायला मनाई आहे. ठमीला दे माझ्या मांडीवर, आणि तू ये आपली आपण."

तीन महिने संपले त्या दिवशी मुल्ला मॅडमनी शेवटचं चित्र काढलं. बाहेरची बाजू धरली होती, गुळगुळीत. आतली कड पापुद्र्याचीच राहिली. चालणं, जिना, बाजार, सगळं करता येईल. जमिनीवर बसणं नाही. "आणि व्यायाम सोडायचा नाही. आता मोजा नसेल, पण रोज करायचा. जन्मभर. त्यावरच ही गादी जगणार."

"जन्मभराचा पास काढून दिला म्हणा," वैजयंताबाई म्हणाल्या. त्यांनी मोजा काढून टेबलावर ठेवला. त्याला हात लावून म्हणाल्या, "चल बाबा. तुझी ड्यूटी संपली."

घरी परतल्यावर जिना त्या कठडा न धरता चढल्या, पण ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल पाटावर बसली तेव्हा ठमीचे पाय तिच्या पावलांच्या पुढे लोंबत होते. ती आता पालथी राहायलाही तयार नव्हती, मान उचलून तांब्या पकडायला बघत होती. अजून फार तर महिनाभर. मग बसेल, मग टबात जाईल. वैजयंताबाई दारातल्या खुर्चीवरून ते बघत होत्या. तेजलनंही बघितलं.

"कोल्हापूर," तेजल हळूच म्हणाली आणि टाळूवर पाणी सोडलं.

ठमीला पुसून, घुटी देऊन गादीवर टाकल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. मागून आवाज आला.

"कुठे चाललीस? इकडे ये. ती दुसरी खुर्ची आण."

"आई, मला काम आहे."

"दोन मिनिटांचं आहे. माझा चेकर गेला. एकटीनं केलं तर मी दोन दिवसांत सोडेन, माहीत आहे मला. आणि तुझा गुडघा ऐकलाय मी. ये, समोर बस."

तेजलनं उसासा टाकला. खुर्ची आणली आणि सासूच्या समोर मांडली. गादीवरून ठमी दोघींकडे आळीपाळीनं बघू लागली.

"डबल बेल," वैजयंताबाई म्हणाल्या, आणि हात छातीशी बांधून सरळ उभ्या राहिल्या. गुडघ्याचा आवाज न होता.

तेजलही उठली.

"हात टेकलास," समोरून आवाज आला. "हे धरलं नाही. परत."